हसरं डोकं

डुकराचं डोकं नुसतं शिजून भागत नाही, ते हसलं पाहिजे. रडक्या डोक्यापुढे कोण वाकणार? नवं दुकान उघडा, नवी गाडी घ्या, नवं यंत्र बसवा, पूजेच्या मेजावर मधोमध हे डोकं बसतं आणि गिऱ्हाईक आधी त्याचे ओठ बघतं. सोकगोलच्या अख्ख्या दरीत असं हसरं डोकं उकडून देणारी बाई एकच, योम बुनी. गालात काड्या खोचून, आच कमीजास्त करून ती त्या मेलेल्या जनावराला असं काही हसवायची की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. स्वतः बुनी मात्र मागच्या वसंतापासून हसलेली नव्हती.

तिची सूपभाताची खानावळ कारखान्याच्या फाटकासमोरच होती. कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज बनायचे. गोळ्याच्या टोकावर बसणारा हा पितळी तुकडा. गोळा कधी फुटायचा हे तोच ठरवतो. कामगार त्याला लाडाने 'नाक' म्हणायचे. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे अंगणात रांगेने उभे राहून एका सुरात ओरडायचे, "पडलं तर झोपेल, उडालं तर उठेल!" बुनी रस्त्याच्या अलीकडे कांद्याची पात चिरता चिरता ते ऐकायची. इतकी वर्षं ऐकलं होतं की झोपेतसुद्धा तिच्या तोंडून ते यायचं.

त्याचा अर्थ तिला सुल्येने समजावला होता. सुल्ये म्हणजे जुळणीच्या मेजावर बसणारी, बुनीपेक्षा धाकटी, तोंडाने फटकळ आणि पोटाने खादाड. एकदा सूप भुरकता भुरकता तिने मेजावर दोन चमचे आडवे ठेवले.

"हे बघ ताई, नाकाच्या आत दोन खिट्ट्या असतात. तोफ उडाली की जो जबर धक्का बसतो ना, त्याने पहिली मागे सरकते. मग गोळा गरगर फिरत निघतो, त्या गिरकीने दुसरी उघडते. दोन्ही उघडल्याशिवाय आतली ठिणगी दारूपर्यंत पोचतच नाही. तू नाक हातातून पाड, नाहीतर जिन्यावरून गडगडत सोड. धक्का बसेल, पण गिरकी कुठून आणशील?"

"आणि पाडल्यावर फुटलंच तर?"

"तर ते आमचं नाकच नाही," सुल्ये म्हणाली आणि आणखी भात मागितला.

कारखान्याचा मालक फ्यो चोंगगुक याला तर या गोष्टीचा भारी तोरा. कोणी पाहुणा आला की तो दारू भरलेला फ्यूज डोक्यावर उंच धरायचा आणि सगळ्यांच्या देखत फरशीवर सोडून द्यायचा. पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला की फ्यो पोट धरून हसायचा. "बघा, झोपलंय! घोरतंय!" हा खेळ बुनीने फाटकातून कितीदा तरी पाहिला होता. सतरा नंबरच्या खेपेचा माल बाहेर पडला, त्यानंतर मात्र त्याने तो खेळ एकदाही केला नाही. तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. बुनीच्या आलं, पण उशिरा आलं.

कारण मधल्या काळात तिचा दोकसू गेला.

एकुलता एक पोर. सक्तीच्या लष्करी नोकरीत तोफखान्यात लागला होता. गोळे उचलून नळीत भरायचं काम त्याचं, आणि शेजारी नेम धरणारा जेबोक नावाचा त्याचा दोस्त. मागच्या वसंतात सरावाच्या वेळी गोळा बाहेर पडायच्या आत नळीतच फुटला. दोघंही जागच्या जागी गेले. गोळ्याच्या नाकावर शिक्का होता सतरा नंबरचा.

चौकशीला आलेल्यांनी फ्योचं मत विचारलं. फ्यो म्हणाला, "आमच्या मालात खोट नाही. पोराने भरताना गोळा खाली आपटला असणार, त्यानेच आतली खिट्टी तुटली." झालं! मेलेलं पोर काय उठून उलट बोलणार? कागदावर आलं, स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू. जवानांच्या स्मशानभूमीत त्याला जागा नाही. दोकसूची रक्षा पांढऱ्या डब्यात घालून बुनीच्या हातात दिली गेली, आणि तिने तो डबा खानावळीच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या कणगीवरच्या फळीवर ठेवला. लेकाला जागा कुठे, तर तांदळाशेजारी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बुनीने कदाचित गिळलं असतं. पण महिन्याभरात जेबोकची आई दूरच्या गावाहून बस धरून आली. खानावळ भरलेली होती. दारात उभी राहून ती ओरडली, "दोकसूची आई कोण गं? तू? तुझ्या पोराच्या गळक्या हातांनी माझं पोर खाल्लं!" आणि तिने कमरेच्या पिशवीतून जाड्या मिठाची मूठ काढून बुनीच्या उंबऱ्यावर फेकली. मग आणखी एक. आमच्याकडे अवदसा घराबाहेर काढायची तर तिच्या पाठीवर असं मीठ फेकतात. इथे त्या बाईने बुनीला तिच्याच दारात अवदसा ठरवलं.

गिऱ्हाइकं वाडग्यात नाक खुपसून बसली. सगळी कारखान्याचीच. सकाळी घसा ताणून "पडलं तर झोपेल" ओरडणारी, आणि आता? मूग गिळून गप्प. एकाने म्हणून तोंड उघडलं नाही की बाई, पाडल्याने फुटत नाही, पोराला बोल लावू नकोस.

बुनीने झाडू घेतला, उंबऱ्यावरचं मीठ दाणा न् दाणा गोळा केलं आणि एका बरणीत भरून डब्याशेजारी ठेवलं.

"दोकसू," त्या रात्री ती डब्याला म्हणाली, "हे मीठ आपलं नाही. ज्याचं आहे त्याला पोचवल्याशिवाय तुझी आई मरायची नाही."

*

शरदात कारखान्यात जुळणीची नवी रांग बसली. पूजा ठरली. लष्कराकडून माल तपासून घेणारे मेजर हाम येणार होते, म्हणून थाट मोठा. फ्योचा मेहुणा खानावळीत आला. कारखान्याची सगळी खरेदी तोच बघायचा. बुनीच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "मावशी, डोकं हवंय. साहेबांनी सांगितलंय, यंदा चांगलं हसरं हवं."

खानावळीत चमचे वाजायचे थांबले.

"देईन की," बुनी म्हणाली. "असं हसेल की साहेब जन्मभर विसरायचे नाहीत."

मग काय, गावाला चघळायला विषय मिळाला. ज्यांनी पोराला खाल्लं त्यांच्याचकडून डोक्याची ऑर्डर घेते, कसली ही आई! सुल्ये तर जेवायला यायचीच बंद झाली. चार दिवसांनी बुनीनेच तिला रस्त्यात गाठलं.

"का गं, माझं सूप कडू लागायला लागलं?"

"ताई, तू त्या माणसासाठी डोकं उकडणार?" सुल्येचे डोळे भरून आले. "लाज नाही वाटत?"

"मला लाज? तुला वाटते का, ते सांग. सतरा नंबर तुझ्याच मेजावर जुळला ना? रोज माझ्यासमोर बसून खातेस, खरं सांग, त्यात काय होतं?"

सुल्येने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं, आणि मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. "खिट्ट्या बदलल्या होत्या, ताई. मेहुण्याने कुठूनशा स्वस्तातल्या आणल्या. बिस्किटासारख्या मोडायच्या. तोफेच्या धक्क्यानेच दोन्ही एकदम तुटल्या असणार, गिरकीपर्यंत थांबतंय कोण? मी फ्योसाहेबांना जाऊन सांगितलं होतं. मोडलेली खिट्टी त्यांच्या मेजावर ठेवली. ते म्हणाले, तुला पगार तोंडाचा मिळतो की हाताचा?"

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"त्याला आणि मेहुण्याला. बाकीच्यांना नुसती कुजबुज."

"आणि तुला."

"मला दोन पोरं आहेत, ताई."

"मला एक होता," बुनी म्हणाली.

मग बुनीने तिला हात देऊन उठवलं. "चौकशीवाल्यांपुढे जाऊन बोल असं मी म्हणत नाही. तुझं कोणी ऐकायचंही नाही, मालकाचा शब्द आणि तुझा शब्द यात कोणाचा जड होतो ते मला कळतं. मला फक्त सतरा नंबरचं एक नाक आणून दे. रिकामं. आत काही नको, नुसती पितळी टोपी, शिक्क्यासकट."

"काय करणार आहेस?"

"डुकराला हसवणार आहे."

सुल्ये खाल्ल्या मिठाला जागली. भंगारात टाकलेली एक पोकळ टोपी तिने जेवणाच्या डब्यातून बाहेर आणली. बुनीने तिचा तळ उघडला आणि बरणीतलं जाडं मीठ आत ठासून भरलं. वजन बरोबर भरेपर्यंत. मग बूच घट्ट बसवून ती हातावर तोलून बघत राहिली. सुरा घेऊन फ्योच्या घरी जायचं तिच्या मनात कितीदा तरी आलं होतं. पण सुऱ्याने काय झालं असतं? तो मेला असता, दोकसूच्या कपाळावरचा निष्काळजीपणा तसाच राहिला असता, आणि वर लोक म्हणाले असते, बघा, आईसुद्धा तसलीच.

*

पूजेच्या दिवशी अंगणात मेज मांडलं. लाल घेवड्याचा तांदळाचा केक, वाळवलेला मासा, तांदळाच्या दारूची किटली, आणि मधोमध पांढऱ्या कापडाखाली बुनीचं डोकं. कामगार रांगेत उभे. मेजर हाम एका बाजूला टोपी काखेत धरून उभे होते. अंगाने बारीक, बोलायला कमी. अंगणाच्या टोकाला चाचणीसाठी रचलेली वाळूच्या पोत्यांची भिंत होती.

बुनीने कापड काढलं आणि रांगेतून 'वा!' निघाला. डोकं असं काही हसत होतं की जणू त्याला एखादं गुपित कळलं होतं.

फ्योने चटईवर गुडघे टेकून नमस्कार घातले. रीतीप्रमाणे मग मालकाने पैशांचं पाकीट डुकराच्या तोंडात खोचायचं. त्याने पाकीट पुढे केलं, ते अर्ध्यावर अडलं. पुन्हा ढकललं, आत काहीतरी खणकन लागलं. "दात काढले नाहीत वाटतं," असं हसत म्हणून त्याने दोन बोटं आत घातली, आणि हातात चरबीने माखलेलं पितळी नाक आलं.

आधी तो नुसताच बघत राहिला. मग त्याने अंगठ्याने चरबी पुसली, शिक्का दिसला. सतरा.

त्याचा चेहरा उतरला तो असा, की पुढच्या रांगेतल्यांना स्पष्ट दिसलं. त्याने ते नाक दोन्ही हातांनी, श्वास रोखून, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसं मेजावर ठेवलं.

"का हो साहेब," बुनी पुढे आली, "एवढं जपून? पूर्वी तर आपटायचात!"

"हे... हे कोणी आणलं? कोणी हात लावू नका!"

बुनीने ते उचलून घेतलं. मेहुणा किंचाळला. तिने नाक डोक्यावर उंच धरलं, फ्यो धरायचा अगदी तसं.

"सगळे ऐका," ती म्हणाली. "हे सतरा नंबरचं नाक आहे. साहेबांनी कागदावर लिहून दिलंय की माझ्या दोकसूने गोळा पाडला म्हणून तो फुटला. आणि तुम्हाला रोज सकाळी म्हणायला लावतात की पडलं तर झोपेल. दोन्ही खरं कसं असेल? मी अडाणी बाई, मला काही कळत नाही. म्हणून म्हटलं, पाडूनच बघू."

"बाई," मेजर हाम एक पाऊल पुढे आले, "ते खाली ठेवा."

"ठेवते ना. फरशीवरच ठेवते."

"अरे धरा तिला! वेडी झालीय ती!" फ्यो ओरडला, पण ओरडताना तो मागे मागे सरकत होता.

रांगेतून एक बारीक आवाज आला, "पडलं तर झोपेल." सुल्येचा. शेजारणीने सवयीने तिच्या आवाजात आवाज मिसळला. मग आणखी चौघींनी. रोजची जिभेला लागलेली सवय, ती अंगणभर पसरली. "पडलं तर झोपेल, उडालं तर उठेल!"

बुनीने हात उघडला.

नाक फरशीला लागायच्या आत फ्यो केकच्या परातीवरून उडी मारून धावत सुटला. एक बूट मागे राहिला. त्याच्या पाठोपाठ मेहुणा. दोघं वाळूच्या पोत्यांमागे पालथे पडले आणि कानांवर हात दाबून राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

खण्ण! नाक एकदा उसळलं, दुसऱ्यांदा उसळलं, बूच निघालं आणि फरशीवर पांढरं मीठ सांडलं. डुकराचं डोकं वरून हसत होतं.

बाकी कोणी हललं नव्हतं. मेजर हामच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तेही जागेवरच होते. त्यांनी वाकून चिमूटभर उचललं, जिभेला लावलं. "मीठ," ते म्हणाले.

पोत्यांमागून फ्यो उठला. गुडघ्यांची वाळू झटकत, एका पायात बूट घेऊन, हसायचा प्रयत्न करत परत आला. "अहो, असं अचानक... माणूस घाबरतोच. कोणीही पळालं असतं, मेजरसाहेब."

मेजर हामनी रांगेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "कोणीही पळालं नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोघंच पळालात. गोदामात पडलेला सतरा नंबरचा माल आजच सील होईल. एकेक नाक उघडून बघतो. तुम्ही आता माझ्याबरोबर चला."

फ्योने एकदा रांगेकडे पाहिलं. कोणीतरी आपली बाजू घेईल असं वाटलं असावं बिचाऱ्याला. सुल्ये पुढे आली, मेजरांसमोर उभी राहिली. "खिट्टी मोडलेली मी यांना दाखवली होती," ती म्हणाली. "कुठे लिहून द्यायचं ते सांगा."

बुनीने खाली बसून सांडलेलं मीठ मुठीत गोळा केलं. फ्यो फाटकाकडे निघाला होता. तिने त्याच्या पाठीवर नेम धरला आणि सगळं बळ एकवटून मूठ फेकली.

"हे घे! तुझं होतं, माझ्या दारात येऊन पडलं होतं. तुझ्या कागदाने माझं मेलेलं पोर पुन्हा मारलंस तू, फ्यो. आता जन्मभर जिथे काही पडेल, तिथे पळत सुट. ताट पडलं तरी पळ, चमचा पडला तरी पळ. तुला कधी झोप लागू नये!"

कोटावर पांढरे दाणे घेऊन तो गाडीत बसला. ते झटकायचं त्याला सुचलं नाही.

*

गोदामातल्या सतरा नंबरच्या खिट्ट्या बोटांनी मोडत होत्या. फ्यो आणि मेहुणा तुरुंगात गेले. शिक्षा ऐकवली त्या दिवशी बुनीने आणखी एक डोकं उकडलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट वाढलं. लोक म्हणाले, पुरे आता, सूड घेतलास. ती म्हणाली, पुरे कधी करायचं ते मी ठरवीन. दोकसूचा डबा तांदळाच्या कणगीवरून उतरला आणि जवानांच्या स्मशानभूमीत गेला. त्याच्या शेजारचा दगड जेबोकचा होता.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी खानावळीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा तिला धीर होत नव्हता. जेबोकची आई.

बुनीने तिला ओळखलं. 'ये' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. हाताने कोपऱ्यातलं मेज दाखवलं. वाफाळतं सूप आणि भात आणून तिच्यासमोर आदळला. सूपभातात मीठ स्वयंपाकघरात घालत नाहीत, खाणाऱ्याने मेजावरच्या भांड्यातून आपल्या चवीने घालायचं. बुनीने जाता जाता ते भांडंही उचलून नेलं.

बाईने एक घास घेतला. खाली मान घालून हळूच म्हणाली, "दोकसूची आई... मीठ नाही."

"नाहीच मिळणार," बुनी म्हणाली. "तू आणलं होतंस ना, ते जिथे टाकायला हवं होतं तिथे टाकून आले. तुझ्याही वाटणीचं टाकलं. आता असंच खा."

बाईचा चमचा थांबला. मग तिने वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि ते अळणी सूप तळापर्यंत संपवलं. बुनी समोर उभी राहून बघत होती. वाडगा रिकामा झाल्यावर तिने तो उचलला, आत नेला आणि पुन्हा भरून आणला.